गर्दीपासून दोन पावले दूर

फ्लोरिडातील डिस्नेचे ‘अ‍ॅनिमल किंगडम’ २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरा दिनी, खुले झाले. बहुतेकांचा दिवस सफारी आणि ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ या रोलर कोस्टरच्या रांगांतच जातो, पण उद्यानाचा खरा जीव पायवाटांवर आहे. त्यांत सर्वांत देखणी ‘महाराजा जंगल ट्रेक’. पडक्या राजवाड्याच्या भिंतींमधून तिथे वाघ दिसतात. वटवाघळांच्या दालनात काही खिडक्यांना काचच नाही, त्यामुळे उलटे लटकून पंख चाटणारे वटवाघूळ अगदी डोळ्यांसमोर येते. उद्यानातील ‘ट्री ऑफ लाइफ’ या १४५ फुटी कृत्रिम झाडावर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेले आहेत. ते निरखायचे तर झाडाच्या मुळांभोवतीची ‘डिस्कव्हरी आयलंड ट्रेल्स’ ही वाट धरावी. या दोन्ही वाटांसाठी वेगळे तिकीट लागत नाही.