तिघी आल्या सौंदर्यव्यवसायाबाहेरून

सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची धुरा त्याच धंद्यात मुरलेल्या माणसानेच सांभाळावी, हा समज तीन कारकिर्दी खोडून काढतात. जिनिव्हात जन्मलेल्या सिमोन टाटा १९६०च्या दशकाच्या आरंभी लॅक्मेच्या (स्थापना १९५२) संचालक मंडळावर आल्या आणि १९८२मध्ये अध्यक्ष झाल्या. फाल्गुनी नायर कोटक महिंद्रात गुंतवणूक बँकर होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२मध्ये, त्यांनी ‘नायका’ ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू केली. नोव्हेंबर २०२१मध्ये ती शेअर बाजारात आली. कोल्हापूरच्या लीना नायर यांचा प्रवास सर्वांत लक्षणीय. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात अभियांत्रिकी, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन, १९९२मध्ये हिंदुस्थान लिव्हर, तळोज्यासारख्या ठिकाणी कारखान्यातलं काम, २०१६मध्ये युनिलिव्हरच्या मनुष्यबळ प्रमुख आणि जानेवारी २०२२पासून शनेलच्या जागतिक सीईओ.

सिमोन यांच्यामागे टाटा घराणं होतं, फाल्गुनी यांना भांडवली बाजाराची ओळख होती, हा आक्षेप खराच. पण पाठबळाने दार उघडतं, ग्राहकाचा विश्वास स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. नकली मालाची धास्ती असलेल्या ऑनलाइन बाजारात नायकाने केवळ इतर विक्रेत्यांना मंच न देता, माल स्वतः साठवून विकण्यावर भर दिला. भांडवल जास्त अडकतं, पण खात्री देता येते. लीना नायर यांच्याबाबतीत तर हा आक्षेप लागूच होत नाही: युनिलिव्हरच्या मनुष्यबळ प्रमुखपदी पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या आशियाई.