६४, ४,६४५ की २,९७५? वादळाची नोंद वाचताना

२० सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी ‘मारिया’ हे हरिकेन अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिको बेटावर, याबुकोआ गावाजवळ धडकले. वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे २५० किलोमीटर. या वादळात किती माणसे दगावली, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरे मिळाली. ऑगस्ट २०१८पर्यंत सरकारी आकडा होता ६४. मे २०१८मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ४,६४५चा अंदाज मांडला. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने २,९७५ हा आकडा दिला आणि पोर्तो रिकोच्या सरकारने तोच अधिकृत मानला.

आता विकिपीडियासारख्या ऑनलाइन विश्वकोशात ‘मारिया’वरचा लेख उघडला, तर त्यात यांपैकी कोणता आकडा असला म्हणजे लेख चांगला म्हणायचा? खरे तर नुसता आकडा पाहून हे ठरवताच येत नाही. तो कोणी मोजला, कसा मोजला आणि कोणत्या काळासाठी मोजला, हे लेख सांगतो की नाही, यावर त्याचा कस लागतो.

हे तीन आकडे आले कुठून ते पाहू. मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा उल्लेख असेल तरच मृत्यू वादळाचा, अशी सरकारी मोजणीची रीत होती. अंगावर झाड पडून किंवा पुरात वाहून गेलेला माणूस त्यात येतो. पण वादळाने बेटावरची वीजच घालवली आणि ती सर्वत्र परत यायला सुमारे अकरा महिने लागले. या काळात प्राणवायूचे यंत्र बंद पडलेला रुग्ण, डायलिसिसचे केंद्र बंद असल्याने अडलेला रुग्ण, इन्सुलिन थंड ठेवता न आलेला मधुमेही यांच्या दाखल्यावर हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेच लिहिले गेले, तर वादळ कागदावर येतच नाही. आपत्तीनंतरचे दाखले कसे भरावेत याची पुरेशी माहिती डॉक्टरांना नव्हती, असेही जॉर्ज वॉशिंग्टनच्या अहवालात नोंदवले आहे.

यावरचा उपाय म्हणजे ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजणे. करोनाकाळात हा शब्द आपल्या चांगलाच परिचयाचा झाला. एरवी त्या काळात जितके मृत्यू अपेक्षित होते, त्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त झाले, हे त्यात पाहतात. हार्वर्डच्या गटाने ३,२९९ घरांत जाऊन विचारपूस केली आणि त्यावरून ३१ डिसेंबर २०१७पर्यंतच्या साऱ्या बेटाचा अंदाज बांधला. नमुना लहान असल्याने त्यांची अंदाजकक्षा फार रुंद होती : ७९३ ते ८,४९८. जॉर्ज वॉशिंग्टनच्या गटाने सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळातील नोंदणी झालेले मृत्यू घेतले, बेट सोडून गेलेल्या लोकांचा हिशेब धरला आणि २,६५८ ते ३,२९० ही कक्षा दिली. म्हणजे दुसऱ्या अभ्यासाची संपूर्ण कक्षा पहिल्याच्या कक्षेत बसते. बातम्यांच्या मथळ्यांत एकमेकांना खोटे पाडणारे हे दोन आकडे प्रत्यक्षात एकमेकांच्या विरोधात नाहीत. चांगला लेख ही कक्षा सांगतो. कच्चा लेख ‘४,६४५ ठार’ एवढेच लिहून मोकळा होतो.

विकिपीडियावर लेखांना दर्जा देण्याची पद्धत आहे. अगदी त्रोटक नोंदीपासून सुरुवात करून लेख पायरी पायरीने वर चढतो. ‘चांगला लेख’ ठरण्यासाठी, तो लिहिण्यात ज्याचा विशेष हात नाही अशा एका संपादकाने तो तपासावा लागतो. अशा लेखावर हिरवे चिन्ह दिसते. त्याही वरच्या, ब्राँझच्या ताऱ्याच्या दर्जासाठी अनेक संपादक उघड चर्चा करतात. भाषा स्वच्छ आहे का, प्रत्येक विधान पडताळता येते का, विषयाची सर्व अंगे आली आहेत का, मांडणी तटस्थ आहे का, लेख स्थिर आहे का, असे निकष त्यात असतात. इंग्रजी विकिपीडियावर चक्रीवादळांचे लेख लिहिणारा स्वयंसेवकांचा एक नेटका गट गेली अनेक वर्षे हे काम करत आहे. मात्र ही खूण लेख तपासला त्या दिवसाची असते. नंतर त्यात कोणी भर घातली, कोणी काय काढले, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून थोडी तपासणी वाचकानेही करावी.

पहिली तपासणी तारखेची. वादळ शमले तरी त्याचे आकडे बदलत राहतात. १९९२चे ‘अँड्र्यू’ हरिकेन दहा वर्षे चौथ्या श्रेणीचे मानले जात होते. फेरतपासणीनंतर २००२मध्ये ते पाचव्या श्रेणीत गेले. २००५च्या ‘कॅटरिना’तील मृतांचा १,८३३ हा आकडा वर्षानुवर्षे सगळीकडे छापला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३मध्ये तो सुधारून १,३९२ केला. ‘मारिया’चा आकडा वाढला, ‘कॅटरिना’चा घटला. त्यामुळे मोठा आकडा खरा आणि लहान आकडा लपवाछपवीचा, असा सोपा नियमही चालत नाही. लेखातील संदर्भ वादळाच्या आठवड्यातील बातम्यांवरच थांबले असतील, तर तो लेख शिळा समजावा.

दुसरी तपासणी मोजमापाची. अमेरिकेतील केंद्र वाऱ्याच्या वेगाची एका मिनिटाची सरासरी देते, तर आपले हवामान खाते तीन मिनिटांची. त्यामुळे एकाच वादळाचा अमेरिकी आकडा सहसा थोडा जास्त दिसतो. अटलांटिकमधील हरिकेन आणि अरबी समुद्रातील चक्रीवादळ ही मुळात एकच घटना. पण त्यांच्या वेगाची तुलना करणाऱ्या लेखाने ही सरासरी सांगितली नसेल, तर ती तुलना पोकळ ठरते. शिवाय हरिकेनची श्रेणी फक्त वाऱ्यावर ठरते. पाऊस आणि समुद्राची भरती तिच्यात धरलेलीच नसते.

तिसरी तपासणी व्याप्तीची. ‘मारिया’ पोर्तो रिकोआधी, १८ सप्टेंबरला, डोमिनिका या छोट्या देशावर पाचव्या श्रेणीच्या जोराने आदळले होते. तेथे मृत आणि बेपत्ता मिळून ६५ माणसांची नोंद आहे. आकडा लहान वाटतो, पण देशाची लोकसंख्याच सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे साधारण अकराशे माणसांमागे एक. पोर्तो रिकोच्या सुमारे ३३ लाख लोकसंख्येत २,९७५ मृत्यू धरले, तर तेथेही प्रमाण जवळपास तेवढेच येते. अर्थात हे दोन आकडे वेगवेगळ्या पद्धतीचे आहेत. डोमिनिकात नावानिशी मोजणी झाली, पोर्तो रिकोत अंदाज. तरीही डोमिनिकाला दोन ओळींत उरकणारा लेख वाचकाला अर्धेच वादळ दाखवतो.

हीच गोष्ट काळाची. वादळ कसे तयार झाले, कोणत्या मार्गाने गेले, हवेचा दाब किती उतरला, याची माहिती सहज मिळते, म्हणून लेखात ती भरपूर असते. पुढच्या सहा महिन्यांत रुग्णालयांचे काय झाले, पाणी दूषित होऊन लेप्टोस्पायरोसिससारखे आजार वाढले का, मृत्यू कोणत्या वस्त्यांत जास्त झाले, हे शोधावे लागते. पोर्तो रिकोत मृत्यूचा धोका गरीब भागांत आणि ६५ वर्षांवरील पुरुषांत अधिक आढळला. आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा भाग हाच, आणि कच्च्या लेखात नेमका हाच गायब असतो.

चौथी तपासणी तटस्थतेची. सप्टेंबर २०१८मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सुमारे तीन हजार मृत्यूंचा आकडा जाहीरपणे नाकारला. विश्वकोशाने याची नोंद घ्यायलाच हवी. पण तटस्थता म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखे वजन टाकणे नव्हे. पद्धत उघड करणारा अभ्यास आणि पुरावा न देता केलेला इन्कार यांना सारखीच जागा दिली, तर लेख तटस्थ न राहता दिशाभूल करणारा होतो.

शेवटी तळटिपा. त्यांची संख्या मोजण्यापेक्षा दोन-तीन उघडून पाहाव्यात. वाक्यात जे लिहिले आहे ते खरोखर तेथे आहे का? मूळ अहवाल आहे, की त्यावर बेतलेली बातमी? कधी कधी बातमीने आकडा विश्वकोशातून उचललेला असतो आणि विश्वकोश त्याच बातमीचा दाखला देतो. असा संदर्भ म्हणजे स्वतःच स्वतःची साक्ष. लेखामागचे ‘चर्चा’ पान आणि ‘इतिहास’ पानही सर्वांना खुले असते. कोणत्या आकड्यावर वाद झाला आणि तो कसा मिटला, हे तेथे कळते. छापील विश्वकोशात ही सोय नसते.

ही सारी उठाठेव आपल्याही कामाची आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. वारा काही तासांत ओसरला; पण अनेक गावांत वीज परतायला आठवडे लागले, आणि आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या बागा पुन्हा उभ्या राहायला वर्षे लागतात. अशा वादळावरचा लेख मराठीत वा इंग्रजीत उघडाल, तेव्हा तो कोणत्या दिवशी थांबतो ते आधी पाहा. वारा पडला त्या दिवशीच थांबत असेल, तर माणसांची गोष्ट त्यात अजून यायची आहे. आणि तुमच्याकडे पडताळता येण्याजोगा संदर्भ असेल, तर त्या लेखात भर घालण्याचा अधिकार तुम्हालाही आहे.