शिक्षकांसाठी ऑनलाइन सहकार्याची साधने : पेडणे व डिचोलीच्या संदर्भात तुलना

प्रस्तावना : पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे आणि डिचोली तालुक्यात साखळी येथे शासकीय महाविद्यालये आहेत. दोन्ही गोवा विद्यापीठाशी संलग्न आहेत. येथील मराठीच्या शिक्षकांनी मिळून प्रश्नसंच तयार करायचे ठरवले, तर दर वेळी प्रवास करण्याची गरज उरलेली नाही. प्रश्न उरतो तो साधनाच्या निवडीचा. प्रस्तुत लेखात ही निवड चार निकषांवर तपासली आहे : एकत्र लेखनाची सोय, लिपी, कमी रेंज आणि मजकुराची मालकी.

१) एकत्र लेखन : व्हॉट्सॲप सर्वांच्या हाती आहे, निरोप व फाइल पाठवण्यास ते उत्तम. परंतु पाच जणांनी दुरुस्त्या केल्या की पाच फाइली तयार होतात आणि अंतिम प्रत कोणती, हेच कळेनासे होते. गूगल डॉक्समध्ये (2006) फाइल एकच राहते. सर्वांना एकाच वेळी लिहिता येते आणि चुकून पुसलेला मजकूर आवृत्ती-इतिहासातून परत मिळवता येतो. गूगल क्लासरूम (2014) आणि मूडल (2002) यांचा मुख्य उपयोग वेगळा आहे : स्वाध्याय देणे, जमा करून घेणे व गुणांकन करणे.

२) लिपी : जुन्या नोट्स पुष्कळदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. मराठीबरोबर उर्दू उतारे असल्यास परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते. ही सोय गूगल डॉक्समध्ये आहे. नस्तालीक वळणाचा फॉन्टही निवडता येतो.

३) रेंज : 2020 च्या टाळेबंदीत गोव्याच्या डोंगराळ भागांतील मुलांना रेंजसाठी उंच जागा शोधाव्या लागल्या. थेट व्हिडिओ-वर्गाला अखंड जोडणी लागते. लिखित मजकुराला तुलनेने फार कमी डेटा पुरतो. गूगल डॉक्सची फाइल आधी ऑफलाइन ठेवली असल्यास रेंज नसतानाही लिहिता येते व जोडणी मिळताच बदल जुळवले जातात. ज्यांच्याकडे हेही साधन नाही, त्यांच्यासाठी छापील प्रत हाच मार्ग राहतो.

४) मालकी : या निकषाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शिक्षकांत लोकप्रिय असलेले एडमोडो 2022 मध्ये बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड 2024 अखेर बंद झाला. प्रत काढून न ठेवणाऱ्यांचे श्रम अशा वेळी वाया जातात. मूडल हे मुक्त सॉफ्टवेअर असून संस्था ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते. मात्र त्यासाठी सर्व्हरचा खर्च आणि देखभाल करणारी जाणकार व्यक्ती लागते. लहान शाळेला हे सहसा परवडत नाही.

निष्कर्ष : एकच साधन सर्व कामांना पुरत नाही. निरोपासाठी व्हॉट्सॲप, एकत्र लेखनासाठी गूगल डॉक्स, स्वाध्यायासाठी क्लासरूम आणि मनुष्यबळ असल्यास मूडल, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. प्रत्येक सत्राअखेर संपूर्ण साहित्याची प्रत संस्थेच्या संगणकावर उतरवून घ्यावी व ती जबाबदारी एका शिक्षकाकडे नावानिशी सोपवावी. साधन निवडताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा वर्गातील सर्वांत कमी रेंज असलेल्या विद्यार्थ्याचा विचार आधी व्हावा.