तेल धुता येतं, पण मासळीचं काय?

काठावरचे जीव : लेखांक ९

ग्वानो (पक्ष्यांच्या विष्ठेचे थर) खणून नेल्यामुळे आफ्रिकी पेंग्विनची बिळं करायची जागा गेली आणि विसाव्या शतकात कित्येक दशकं त्याची अंडी केपटाऊनच्या बाजारात विकली गेली, हे आपण मागच्या लेखात पाहिलं. आता त्याला वाचवणाऱ्यांकडे वळू.

२३ जून २००० रोजी लोहखनिज वाहून नेणारं ‘ट्रेझर’ हे जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांच्या मधल्या समुद्रात बुडालं आणि त्याच्या इंधनाचा तवंग बेटांच्या किनाऱ्यांना लागला. या दोन्ही बेटांवर तेव्हा पेंग्विनच्या मोठ्या वसाहती होत्या आणि ऐन विणीचा हंगाम होता. सुमारे १९,००० पक्षी तेलाने माखले. १९६८ पासून अशा पक्ष्यांना वाचवण्याचं काम करणाऱ्या ‘सॅनकॉब’ संस्थेच्या केंद्रात एवढे पक्षी मावणं शक्य नव्हतं, म्हणून केपटाऊनच्या सॉल्ट रिव्हर भागातली रेल्वेची एक शेड ताब्यात घेण्यात आली. हजारो स्वयंसेवक धावून आले.

तेल लागलं की एकमेकांत घट्ट बसलेली पिसं विस्कटतात आणि थंडगार पाणी थेट कातडीला भिडतं. पक्षी गारठून किनाऱ्यावर येतो, चोचीने पिसं साफ करू पाहतो आणि ते विष पोटात जातं. असा पक्षी आणल्या आणल्या धूत नाहीत. अशक्त पक्षी धुण्याच्या धसक्यानेच दगावू शकतो. आधी नळीवाटे द्रव आणि कोळशाची पूड देऊन त्याला सावरतात. मग एकाने धरायचं, दुसऱ्याने भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात चोळायचं. डोळ्यांभोवती टूथब्रश फिरवायचा. साबणाचा अंशही राहून चालत नाही, कारण त्यानेही पाणी आत शिरतं. मेलेला मासा पेंग्विन आपणहून खात नाही. त्यामुळे गुडघ्यांत पक्षी दाबून, चोच उघडून एकेक मासा भरवावा लागतो. भरवणाऱ्याच्या हातांवर चाव्यांचे वळ उठतात.

तेल न लागलेले सुमारे १९,५०० पक्षी मात्र पकडून थेट पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन सोडले. घराच्या ओढीने ते शेकडो किलोमीटर पोहत परतणार, तोवर इकडचं पाणी साफ होणार, असा हिशेब होता. तो अचूक ठरला. पीटर, पामेला आणि पर्सी या तीन पक्ष्यांच्या पाठीवर बसवलेल्या ट्रान्समीटरमुळे तो प्रवास साऱ्या जगाने पाहिला. माखलेल्या पक्ष्यांपैकीही बहुतेक सगळे वाचले.

एवढं यश मिळूनही आज या पेंग्विनच्या १०,००० पेक्षा कमी जोड्या उरल्या आहेत. २०२४ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात झाली. याचं मोठं कारण उपासमार आहे. सार्डिन (आपल्या तारलीच्या गोतातली) आणि अँकोव्ही हे त्याचं मुख्य अन्न. पण हवामान आणि प्रवाह बदलल्याने हे थवे पूर्वेकडे सरकले, आणि उरलेल्यांवर मोठ्या जाळ्यांच्या बोटी टपलेल्या असतात. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं टाकतो. त्या सुमारे तीन आठवड्यांत त्याला पाण्यात उतरता येत नाही. आधी साठवलेल्या चरबीवरच निभवावं लागतं. मासळी कमी पडली की काही पक्षी या काळातच मरतात. उशिरा जन्मलेली पिल्लं घरट्यात असतानाच आईबापांची पिसं गळू लागली, तर ती पिल्लंही उपाशी राहतात. सॅनकॉब अशी पिल्लं उचलून आणते, वाढवते आणि समुद्रात सोडते. त्यांतली काही पुढे वसाहतीत अंडी घालतानाही दिसली आहेत.

पण ज्या समुद्रात त्यांना सोडायचं, तिथे खायला हवं. म्हणूनच सॅनकॉब आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्था आपल्या सरकारविरुद्ध कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली आणि सहा प्रमुख वसाहतींभोवतीच्या ठरावीक पट्ट्यांत सार्डिन-अँकोव्हीच्या मासेमारीला बंदी आली. माझ्या मते साबणाने धुतलेल्या हजारो पक्ष्यांपेक्षा या एका आदेशाचं मोल जास्त आहे. शुश्रूषेने पक्षी वाचतो. जात वाचायची तर त्याच्या वाट्याची मासळी समुद्रात ठेवावी लागते.

(पुढील लेखांकात : नकली पेंग्विन मांडून वसवलेली डे हूपची वसाहत)