पायपिटीचे राजकारण

अमेरिकेतील शहरांच्या नगरपरिषदा आपल्याकडील महापालिकांच्या मानाने फार लहान असतात. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक निवडून येतात. उलट २०२० च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक वस्ती असलेल्या सिअ‍ॅटल शहरात कायदे करणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि पोलिसांपासून वीजपुरवठ्यापर्यंतच्या खात्यांवर देखरेख ठेवणे ही सारी कामे अवघे नऊ सदस्य करतात. एकेका प्रभागात लाखभर माणसे येत असल्यामुळे उमेदवाराने स्वतः प्रत्येकाला भेटणे अशक्य होते, आणि मग टपालाने पाठवलेली रंगीत पत्रके, दूरचित्रवाणीवरील जाहिराती व पगारी सल्लागार यांवर निवडणूक चालते, म्हणजेच ती पैशावर चालते. ज्याच्यामागे व्यापारी संघटना किंवा प्रस्थापित पक्षयंत्रणा नाही त्याला एकच वाट मोकळी राहते: नोकरीधंदा सांभाळून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी विनामोबदला दारोदार फिरणारी माणसे गोळा करणे. अशा प्रचाराचा अभ्यास करण्यासाठी सिअ‍ॅटलमधील क्षमा सावंत यांच्या निवडणुकांइतके बोलके उदाहरण अलीकडच्या काळात क्वचितच सापडेल.

सावंत यांचा जन्म पुण्याचा आणि बालपण मुंबईचे. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या, तेथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि सिअ‍ॅटलमध्ये अध्यापन केले. ‘सोशॅलिस्ट ऑल्टरनेटिव्ह’ या छोट्या संघटनेत त्या सामील झाल्या. ही संघटना ट्रॉट्स्कीवादी आहे, म्हणजे रशियन क्रांतीतील नेता लिऑन ट्रॉट्स्की याच्या विचारपरंपरेतील. निवडणूक जिंकणे हे तिच्या दृष्टीने साध्य नसून कामगारांची संघटना उभी करण्याचे साधन आहे. २०१२ साली सावंत यांनी राज्य विधिमंडळाच्या सभापतींविरुद्ध निवडणूक लढवून सुमारे २९ टक्के मते मिळवली आणि पुढच्याच वर्षी, सोळा वर्षे नगरपरिषदेत असलेल्या रिचर्ड कॉन्लिन यांना सुमारे तीन हजार मतांनी हरवले. त्या वेळी प्रभाग अस्तित्वात नव्हते, त्यामुळे हा कौल संपूर्ण शहराचा होता.

अमेरिकेत समाजवादी उमेदवार निवडून येणे ही अघटित गोष्ट मानली जात असली, तरी शहरांच्या पातळीवर त्याला जुनी परंपरा आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराने १९१० पासून १९६० पर्यंतच्या अर्धशतकात एमिल सायडेल, डॅनिएल होन आणि फ्रँक झायडलर असे तीन समाजवादी महापौर निवडून दिले. सांडपाण्याची व्यवस्था, पाणी, उद्याने अशा रोकड्या कामांवर भर असल्यामुळे या मंडळींना ‘गटारवाले समाजवादी’ असे काहीशा हेटाळणीने म्हटले जाई. त्यांच्या यशामागे ‘बंडल ब्रिगेड’ नावाची यंत्रणा होती: रविवारी भल्या पहाटे कार्यकर्ते पत्रकांचे गठ्ठे घेऊन निघत आणि कोणत्या घरात जर्मन वाचली जाते, कोणत्या घरात पोलिश, हे ध्यानात ठेवून ज्या त्या भाषेतले पत्रक दाराशी ठेवीत. दोन दिवसांत सारे शहर पालथे घालण्याची या पथकाची क्षमता होती. सिअ‍ॅटलचाही स्वतःचा वारसा आहे. तेथे अ‍ॅना लुईझ स्ट्राँग या समाजवादी विचारांच्या पत्रकार १९१६ साली शिक्षण मंडळावर निवडून आल्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे १९१८ साली मतदारांनी त्यांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर केले होते.

प्रचाराचे स्वरूप समजण्यासाठी तेथील निवडणुकीची रीत पाहणे आवश्यक आहे. सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेची निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित असते; ऑगस्टमधील प्राथमिक फेरीतून पहिले दोन उमेदवार नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात आणि मतपत्रिकेवर कोणत्याही पक्षाचे नाव वा चिन्ह नसते. मतदान केंद्रापुढील रांग हा प्रकारही तेथे जवळजवळ नाही, कारण वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका सुमारे तीन आठवडे आधी टपालाने घरी येते, आणि ती भरून, लिफाफ्यावर सही करून, टपालात किंवा रस्त्याकडेच्या मतपेटीत टाकायची असते. साहजिकच मतदान हा एका दिवसाचा सोहळा न राहता पंधरा-वीस दिवस चालणारी संथ क्रिया होते, आणि स्वयंसेवकाच्या कामाला ऐन महत्त्व येते ते याच काळात.

दारोदार फिरण्याला तेथे ‘कॅन्व्हासिंग’ म्हणतात. प्रत्येक जोडीला मतदार यादीतून काढलेला काही गल्ल्यांचा तुकडा दिला जातो. त्यात नावे, पत्ते आणि पूर्वी कोणत्या निवडणुकांत मत दिले होते याची नोंद असते, मात्र मत कोणाला दिले हे अर्थातच कोणालाही कळत नाही. दार उघडले तर स्वयंसेवक स्वतःचे नाव सांगतो, घरभाडे किती वाढले, नोकरी कशी चालली आहे असे विचारतो, उमेदवाराच्या मागण्या सांगतो आणि शेवटी पाठिंबा मिळेल का असे सरळ विचारतो. उत्तर काय मिळाले ते एक ते पाच अशा आकड्यांत नोंदवण्याची रीत अमेरिकी प्रचारांत सर्रास आढळते: एक म्हणजे पक्का समर्थक, पाच म्हणजे पक्का विरोधक. सावंत यांच्या प्रचारातील वेगळेपण असे की, व्यापारी कंपन्यांकडून पैसा घ्यायचा नाही हे ठरलेले असल्यामुळे, दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने देणगीही मागणे अपेक्षित होते, आणि नवख्या माणसाला सर्वांत जड जाणारे काम बहुधा हेच असावे. शिवाय बाजारपेठेत, रेल्वे स्थानकापाशी टेबल मांडून पत्रके देणे, सह्या घेणे, फोनवरून मतदारांशी बोलणे ही कामे असतातच.

सिअ‍ॅटलमधील कॅपिटॉल हिल या दाट वस्तीच्या भागात भाडेकरूंच्या इमारतींना कुलूपबंद प्रवेशद्वार असते, त्यामुळे आतला कोणी ओळखीचा नसेल तर मजल्यांपर्यंत पोहोचताच येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळे मागे घेतली की तेथे संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि पाऊस तर पाचवीलाच पुजलेला असतो. दार न उघडणारी घरे उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. निवडणुकीच्या रणनीतीवर लिहिणारे लेखक या कंटाळवाण्या भागाकडे सहसा दुर्लक्ष करतात. पण एखादी संघटना टिकते की विरते हे बऱ्याच अंशी तिचे कार्यकर्ते असा कंटाळा किती आठवडे सोसतात यावरच अवलंबून असते.

एवढ्या पायपिटीने नेमके काय साधते याचा शास्त्रीय शोध येल विद्यापीठातील अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात सुमारे ३० हजार मतदारांवर प्रयोग करून घेतला. ज्यांच्याशी समोरासमोर बोलणे झाले त्यांच्यातील मतदान आठ ते नऊ टक्के बिंदूंनी वाढले, टपालाच्या पत्रकांनी अगदी किंचित वाढले आणि व्यावसायिक संस्थांमार्फत केलेल्या फोनचा परिणाम जवळपास दिसलाच नाही. पुढच्या प्रयोगांत हे आकडे बरेच खाली आले, तरी प्रत्यक्ष भेटीचे वरचे स्थान कायम राहिले. याउलट जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, पक्षांच्या चौकटीतील अंतिम निवडणुकांत प्रचाराने मतदाराचे मत बदलण्याचे प्रमाण सरासरीने शून्याच्या आसपास असते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर स्वयंसेवकाचे खरे काम विरोधकाला पटवणे हे नसून, आधीच अर्धवट पटलेल्या पण मतपत्रिका टेबलावर तशीच पडू देणाऱ्या भाडेकरूला हलवणे हे आहे, असे म्हणावे लागते. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसलेल्या निवडणुकीत मन वळवण्यालाही थोडा अधिक वाव राहतो, ही गोष्ट सिअ‍ॅटलपुरती त्यात जोडता येईल.

म्हणूनच शेवटच्या पंधरवड्यात प्रचाराचा सूर बदलतो. कोणाकोणाच्या मतपत्रिका निवडणूक कार्यालयात पोहोचल्या याची यादी रोज मिळते, ती आपल्या ‘एक’ आणि ‘दोन’ क्रमांकाच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते आणि उरलेल्या नावांच्या दारी पुन्हा जाणे सुरू होते. मतदानाची मुदत संपल्यानंतरही काम संपत नाही: लिफाफ्यावरील सही नोंदणीतील सहीशी जुळली नाही तर मत बाजूला ठेवले जाते आणि मतदाराला ती दुरुस्त करण्याची संधी असते, म्हणून स्वयंसेवक अशा मतदारांना शोधत फिरतात. उशिरा मत देणाऱ्यांत तरुण आणि भाडेकरू अधिक असल्यामुळे मतमोजणीचे चित्र दिवसागणिक डावीकडे झुकत जाते. २०१३ साली पहिल्या रात्री सावंत मागे होत्या आणि दहा दिवसांनी कॉन्लिन यांनी पराभव मान्य केला. २०१९ साली पहिल्या रात्री त्या सुमारे आठ टक्क्यांनी मागे होत्या आणि अखेरीस सुमारे चार टक्क्यांनी जिंकल्या.

२०१९ ची ही निवडणूक पैशाच्या दृष्टीने विशेष गाजली. सिअ‍ॅटलमध्ये मुख्यालय असलेल्या अ‍ॅमेझॉन कंपनीने स्थानिक व्यापार मंडळाच्या राजकीय समितीला जवळजवळ १५ लाख डॉलर दिले होते, कारण आदल्याच वर्षी मोठ्या कंपन्यांवर प्रति कर्मचारी कर बसवून तो महिन्याभरात मागे घेण्याचा प्रकार नगरपरिषदेत घडला होता आणि हा प्रश्न पुन्हा उठणार हे उघड होते. इतकी मोठी रक्कम ओतल्याचा परिणाम उलटा झाला, अनेक मतदार बिथरले, असे नंतर बऱ्याच निरीक्षकांनी म्हटले. मात्र सावंत यांचा प्रचार म्हणजे फाटक्या खिशाचा प्रचार होता, असे चित्र रंगवणे योग्य नाही. त्यांनीही भरपूर निधी उभा केला, त्यात शहराबाहेरच्या सहानुभूतीदारांचा वाटा मोठा होता आणि काही कार्यकर्ते पगारी होते.

स्वयंसेवकांचे बळ मतपेटीबाहेरही वापरले गेले, आणि या सगळ्या कहाणीचा सर्वांत भरीव भाग तोच आहे. २०१३ च्या प्रचाराचे मुख्य घोषवाक्य किमान वेतन ताशी १५ डॉलर करा असे होते. त्या वेळी राज्याचे किमान वेतन ९ डॉलर १९ सेंट होते. न्यूयॉर्कमधील फास्ट फूड कामगारांच्या संपापासून सुरू झालेली ही मागणी सिअ‍ॅटलच्या विमानतळाभोवतीच्या सीटॅक या छोट्या शहराने त्याच नोव्हेंबरमध्ये जनमताने अवघ्या ७७ मतांनी मंजूर केली होती. निवडून येताच सावंत यांच्या गटाने ‘फिफ्टीन नाऊ’ ही मोहीम काढली, प्रचारातील कार्यकर्ते तिकडे वळवले आणि नगरपरिषदेने कायदा केला नाही तर सह्या जमवून प्रश्न थेट मतदारांपुढे नेऊ, असा धाक उभा केला. जून २०१४ मध्ये नगरपरिषदेने एकमताने कायदा संमत केला. तो टप्प्याटप्प्याने लागू होणारा आणि उद्योगांना सवलती देणारा असल्यामुळे सावंत यांनी त्यावर टीकाही केली. स्वतः त्या नगरसेवकपदाच्या पगारातून सुमारे ४० हजार डॉलर ठेवून उरलेले चळवळींना देत.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. संघटना शिस्तबद्ध असल्यामुळे निर्णय नगरसेविकेचे की संघटनेचे, असा प्रश्न विरोधकांनी वारंवार उपस्थित केला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. २०२१ साली त्यांच्याविरुद्ध ‘रिकॉल’, म्हणजे मुदतीपूर्वी परत बोलावण्याची निवडणूक झाली. साथीच्या काळात बंद असलेल्या नगरभवनात आंदोलकांना प्रवेश देणे, महापौरांच्या गोपनीय पत्त्यावरील घरावर मोर्चा नेणे आणि कार्यालयाची साधने एका जनमत मोहिमेसाठी वापरणे असे आरोप त्यांच्यावर होते, आणि तिसऱ्या प्रकरणी त्यांनी दंडही भरला होता. मतदान नोव्हेंबरच्या नेहमीच्या निवडणुकीबरोबर झाले तर भाडेकरू अधिक संख्येने मत देतील, या हिशेबाने त्यांच्याच कार्यकर्त्यांनी काही काळ त्यांच्याविरुद्धच्या अर्जावर सह्या गोळा केल्या; डाव साधला नाही आणि मतदान ७ डिसेंबरला झाले. सुमारे ४१ हजार मतांपैकी अवघ्या ३१० मतांच्या फरकाने सावंत टिकल्या. शिक्षण मंडळावरील स्ट्राँग यांना जे साधले नाही ते त्यांना साधले, पण दोन-चार इमारतींतल्या भाडेकरूंनी मतपत्रिका तशाच पडू दिल्या असत्या तर निकाल फिरला असता.

परदेशस्थ मराठी वाचकांना या विषयातील एक कायदेशीर बारकावा उपयोगी पडेल. अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या व्यक्तीला तेथील कोणत्याही निवडणुकीत, मग ती नगरपरिषदेची का असेना, एक डॉलरही देता येत नाही. पण मोबदला न घेता आणि निर्णयप्रक्रियेत भाग न घेता स्वयंसेवक म्हणून काम करता येते. म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेला अभियंता दारोदार हिंडू शकतो, मात्र ज्या डब्यात तो देणगी गोळा करतो त्यात स्वतः काही टाकू शकत नाही. दक्षिण आशियाई स्थलांतरितांचा या राजकारणाशी अधिक थेट संबंध फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. सावंत यांच्या ठरावावर सहा विरुद्ध एक मताने जातीय भेदभावाला बंदी घालणारे सिअ‍ॅटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले, तेव्हा आंबेडकरी संघटनांचे कार्यकर्ते जाहीर सुनावणीत बोलायला मोठ्या संख्येने आले होते आणि काही हिंदू संघटनांनी कायद्याला कडाडून विरोधही केला होता.

तोवर सावंत यांनी पुन्हा उभे न राहण्याची घोषणा केलेली होती. त्यांची जागा २०२३ च्या निवडणुकीत जॉय हॉलिंगस्वर्थ यांच्याकडे गेली आणि नगरपरिषदेचा एकंदर कल उद्योगस्नेही झाला. दहा वर्षे घरोघर फिरून उभ्या केलेल्या संघटनेला तो प्रभाग पुढच्या उमेदवारासाठी राखता आला नाही, हे तिचे ठळक अपयश मानले पाहिजे, कारण संघटना उभारणे हाच तिचा घोषित हेतू होता. किमान वेतनाचा कायदा मात्र कायम आहे; महागाईशी जोडलेला असल्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून सिअ‍ॅटलमध्ये तो दर ताशी २० डॉलर ७६ सेंट झाला.