उभं राहू न देण्याचं काम

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी संपते तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या याच मुखातून ये-जा करतात. ओहोटीला इथलं रूप पालटतं. नदीचं पाणी ओढीने बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते, आणि उथळ वाळूवर दोघांची गाठ पडली की लाट उभी राहून फुटते. म्हणून होडी चालवणारा तांडेल तिथी पाहतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मोबाइलवर कोष्टक असतं, तरी हा हिशेब बोटांवर होतोच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात कमी.

मी आमच्या होडीच्या तांडेलाजवळ, इंजिनापाशी बसलो होतो. निघण्याआधी त्याने तळातलं पाणी डब्याने उपसलं. तेवढ्या पाण्याने होडी बुडणार नव्हती. पण होडी कलली की तेही त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. मग आउटबोर्डच्या स्विचची लाल दोरी मनगटात अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं. नाहीतर चालकाविना होडी गोल फिरत पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली होडीही मी पाहिली आहे. असून नसल्यासारखी.

18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 जण गेले. तेव्हापासून लाइफ जॅकेटची चर्चा वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. हा तांडेल प्रत्येकाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढून पाहतो. ते हनुवटीशी आलं तर पट्टा पुन्हा आवळतो. पण जॅकेट कामाला येतं पाण्यात पडल्यावर. त्याची खरी झटापट चालते ती त्याआधीची.

डावीकडे डॉल्फिनची पाठ दिसली आणि अर्धी होडी उठली.

“खाली बसा, कोणी उठू नकात!”

उभ्या माणसांमुळे वजन वर जातं, सगळी एका अंगाला गेली की होडी कलते, आणि तेवढ्यात बाजूने लाट आली तर सावरायला जागा उरत नाही. त्याने वेग हळूहळू उतरवला. एकदम तोडला असता तर होडीच्या मागून येणारी तिचीच लाट आत चढली असती. मग त्याने नाळ लाटेकडे वळवली. सेल्फी घेणारा एकजण तरीही काठावर बसला होता. त्याला मात्र तो समजावत बसला नाही. दंडाला धरून फळीवर बसवलं. पर्यटकांना हा उद्धटपणा वाटतो. माझ्या मते तिकिटात तोही धरलेला असावा.

दुपारी पश्चिमेचा वारा चढला तशी त्याने पुढची फेरी रद्द केली. काठावर थांबलेल्या कुटुंबाने जादा पैसे देऊ केले, मग आवाज चढवला. त्याने पैसे परत केले आणि उद्या सकाळी सातला या म्हणाला.

त्याआधी आमची होडी वाळूला लागताच पोरं उड्या मारायला निघाली. त्याने हात आडवा धरला, इंजिन बंद केलं, पंखा पाण्याबाहेर उचलला, आणि मग एकेकाला नाळेवरून उतरू दिलं.