नव्या घरी जाण्याआधीचे आठ आठवडे

१९५९ साली मद्रासच्या टी. नगर भागात रस्त्यावर पावसाचं पाणी तुंबलं होतं. त्यात गटांगळ्या खाणारी दोन पिल्लं वैमानिक कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी उचलली आणि घरी आणली. पुढे त्याच कुटुंबाच्या पुढाकारातून ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ ही प्राणिकल्याण संस्था उभी राहिली.

चेन्नईत आजही अनेक कुटुंबं रस्त्यावरची किंवा घरच्याच कुत्रीची पिल्लं काही आठवडे सांभाळतात आणि मग चांगलं घर बघून देतात. अंगावर धावून येणारी, फटाक्यांना घाबरून पळणारी, पाहुण्यांवर गुरगुरणारी कुत्री लोक पुढे टाकून देतात. या वागण्याची मुळं बऱ्याचदा पहिल्या तीन महिन्यांत सापडतात. म्हणून सांभाळणाऱ्या पहिल्या घराची जबाबदारी फार मोठी असते. ती पार पाडताना काही समजुती आड येतात.

गैरसमज : माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते.

वस्तुस्थिती : कुत्रीच्या बाबतीत हे खरं नाही. रस्त्याकडेला एकटी दिसणारी पिल्लंही बहुतेकदा पोरकी नसतात; आई खाणं शोधायला गेलेली असते. जागा धोक्याची नसेल तर काही तास लांबून लक्ष ठेवावं. आई परतली तर पिल्लं तिच्याजवळच राहू द्यावीत आणि तिला खायला घालावं.

गैरसमज : आई नसेल तर गाईचं दूध पुरतं.

वस्तुस्थिती : गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के आणि प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आत असतात. कुत्रीच्या दुधात दोन्ही जवळपास दुप्पट, आणि लॅक्टोज मात्र कमी. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लाची वाढ खुंटते, हगवणही लागते. पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती वापरावी. पाजताना पिल्लू पालथंच असावं. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. बाहेर कडक ऊन असलं तरी एसीच्या खोलीत ते गारठू शकतं. शिवाय सुमारे तीन आठवड्यांपर्यंत त्याला आपणहून शी-शू होत नाही. आई चाटून जे करते, ते कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने करावं लागतं.

गैरसमज : महिन्याभराचं पिल्लू नेलं की लळा जास्त लागतो.

वस्तुस्थिती : पाच ते आठ आठवड्यांच्या काळात पिल्लू भावंडांशी खेळताना एक मोठा धडा शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. दातांचा जोर आवरायचा कसा, हे तिथे कळतं. २०११ साली इटलीतल्या संशोधकांनी १४० कुत्र्यांची तुलना केली. ३० ते ४० दिवसांचं असताना आईपासून तोडलेल्या कुत्र्यांमध्ये अति भुंकणं, फिरताना घाबरणं, आवाजाला बिथरणं आणि वस्तूंची नासधूस हे प्रकार दोन महिने आईजवळ राहिलेल्यांपेक्षा जास्त आढळले. भारताच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसारही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. दत्तक देतानाही हीच मर्यादा पाळावी.

गैरसमज : सगळ्या लशी होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवावं.

वस्तुस्थिती : लशींचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांचं असताना मिळतो आणि पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. जगाची ओळख करून घेण्याचा पिल्लाचा काळ मात्र तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास सरतो. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि इलियट या अमेरिकी संशोधकांचा प्रयोग ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कुंपणाच्या मैदानात वाढलेल्या ज्या पिल्लांना चौदा आठवडे माणसाचा सहवास मिळाला नाही, ती नंतरही माणसाला बुजतच राहिली.

लशी पूर्ण होण्याआधी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. अमेरिकेतील प्राणीवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली सांगितलं की पहिली लस आणि जंताचं औषध दिल्यानंतर किमान सात दिवसांनी पिल्लांना स्वच्छ जागी इतर पिल्लांसोबत शिकवायला हरकत नाही.

चेन्नईत हे कसं जमवायचं? पिल्लाला कडेवर घेऊन फिरवावं. कोपऱ्यावर उभं राहून रिक्षा, बस, भाजीवाला, शाळेतून परतणारी मुलं दाखवावीत. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, फरशी, पायपुसणं, जिना यांची सवय होऊ द्यावी. लस घेतलेलं, शांत स्वभावाचं मोठं कुत्रं घरी बोलवावं. दिवाळीच्या फटाक्यांचे आणि नादस्वरम्‌चे आवाज आधी अगदी बारीक लावावेत आणि सोबत खाऊ द्यावा. बेवारस कुत्री वावरतात ती माती आणि ईशान्य मोसमी पावसाचं तुंबलेलं पाणी मात्र टाळावं, कारण त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो.

गैरसमज : जितके जास्त हात लागतील तितकं पिल्लू धीट होतं.

वस्तुस्थिती : दहा मुलांच्या गराड्यात सोडलेलं पिल्लू भीतीच शिकतं. शेपूट पायात घेणं, जांभया देणं, तोंड फिरवणं ही ‘पुरे’ म्हणण्याची खूण असते. पिल्लाने आपणहून जवळ यावं, हवं तेव्हा लांब जाता यावं. थोडा वेळ भेट आणि मग भरपूर झोप, हा क्रम ठेवावा.

गैरसमज : एवढंसं पिल्लू चावलं तर काही होत नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत जिवावर बेतू शकते. पिल्लालाही रेबीज होतो आणि त्याची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावरच दिली जाते. रस्त्यावरच्या पिल्लाचा दात किंवा नख लागून कातडी फुटली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

गैरसमज : पहिल्या घराचा लळा लागला की पिल्लू दुसरीकडे रुळत नाही.

वस्तुस्थिती : अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी ‘द सीइंग आय’ ही अमेरिकी संस्था १९२९ साली सुरू झाली. तिची पिल्लं स्वयंसेवक कुटुंबांत साधारण वर्षभर वाढतात, मग प्रशिक्षणाला जातात आणि शेवटी ज्यांना वाट दाखवायची त्यांच्याकडे जाऊन अनेक वर्षं साथ देतात. माणसावर एकदा विश्वास ठेवायला शिकलेलं पिल्लू तो विश्वास नव्या माणसावरही टाकतं.

नव्या घरी पाठवताना सोबत लशींचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, सवयीचं थोडं खाणं आणि भावंडांच्या अंथरुणातलं एक फडकं द्यावं. पिल्लू कशाला दचकतं, कुठे कुरवाळलेलं आवडतं, हे लिहून द्यावं. नसबंदी कधी करायची, हे पशुवैद्यांशी बोलून आधीच ठरवावं. आणि काही कारणाने नव्या घरी जमलंच नाही, तर पिल्लू रस्त्यावर न सोडता सांभाळलेल्या घरीच परत आणायचं, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्यावं.